लाईट गेली की घरचा आयपी का बदलतो

गावी आईबाबांकडे कॅमेरा बसवला, पुण्यातून मोबाईलवर दिसावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, ओपन केला, ॲपमध्ये घरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा घरचा पत्ता, टाकला, चार दिवस मस्त चाललं आणि मग एका संध्याकाळी तासभर लाईट गेली, ती आली तरी कॅमेरा काही दिसेना. बाबांना फोन करून आयपी बघायला लावला, त्यांनी आकडा वाचून दाखवला तर तो वेगळाच!

हा आकडा मुळात आपल्या मालकीचा नसतोच. इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे पत्त्यांचा साठा असतो, त्याला पूल म्हणतात, त्यातला एक आपल्याला वापरायला मिळतो. बऱ्याच ठिकाणी हे वाटप डीएचसीपी नावाच्या पद्धतीने होतं. राउटर चालू झाला की हाक मारतो, कोणी पत्ता देतंय का, सर्व्हर म्हणतो हा घे, राउटर म्हणतो चालेल हाच द्या, सर्व्हर म्हणतो दिला, पण अमुक वेळापुरताच. या मुदतीला लीज म्हणतात. साधारण निम्मी मुदत सरली की राउटर आपणहून वाढवून मागतो, म्हणून चालू राहिलेल्या राउटरचा आयपी महिनोन्महिने तोच राहू शकतो, आणि लाईट थोडा वेळच गेली तर बहुतेक वेळा जुनाच परत मिळतो.

मग बाबांचा का बदलला? कारण त्यांच्याकडे पीपीपीओई ही दुसरी पद्धत आहे, राउटरमध्ये युजरनेम पासवर्ड टाकावा लागतो ना, तेच. यात कनेक्शन तुटलं की पत्ता पूलमध्ये परत जातो आणि पुन्हा लॉगिन झालं की त्या क्षणी जो मोकळा असेल तो हातात पडतो.

प्रत्येकाला एकेक कायमचा पत्ता का नाही देत, तर तेवढे पत्तेच नाहीत. आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळ्या जगाला मिळून साधारण ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ लाच वाटून संपले. म्हणूनच स्टॅटिक, म्हणजे कायमच्या, आयपीला कंपन्या बहुतेक वेळा वेगळे पैसे घेतात.

याच टंचाईतून सीजीनॅट आलं, आणि माझ्या मते घरच्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. एकच पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटला दिसणारा पत्ता, कंपनी अनेक घरांत वाटते, सोसायटीच्या गेटचा पत्ता सगळ्यांचा एकच असतो तसं, फक्त इथे बाहेरून आलेल्याला तुमचा फ्लॅट नंबर कळायची सोय नसते, त्यामुळे घरी कितीही पोर्ट उघडा, आत कोणी पोचत नाही. तुमचं काय आहे ते बघायला राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघा, तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर बहुतेक सीजीनॅटच, हा पट्टा २०१२ मध्ये खास यासाठी राखून ठेवलाय.

काही महिन्यांनी बाबांच्या कंपनीनेही सीजीनॅट सुरू केलं आणि कॅमेरा पुन्हा बंद पडला. शेवटी आयपीव्ही६ ने, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीने, सुटलं. तिथे पत्ता १२८ बिटांचा, टंचाईचा प्रश्नच नाही, कॅमेऱ्याला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतो. पण त्याचाही सुरुवातीचा भाग कंपनी बदलू शकते, म्हणून डायनॅमिक डीएनएसवर, म्हणजे नावावरून सध्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेवर, एक नाव घेतलं, पत्ता बदलला की कॅमेराच तिकडे नवा कळवतो आणि मी ॲपमध्ये फक्त ते नाव टाकलंय. परवा परत लाईट गेली होती, आली तशी पाचेक मिनिटांत अंगणातली तुळस दिसायला लागली.