बर्फात मीठ कशाला?

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्याकडे पॉटचं आइस्क्रीम झालं. माळ्यावरचा पॉट खाली उतरला. लाकडी बादलीच्या फळ्या फुगून फटी बुजाव्यात म्हणून ती आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवली होती. सकाळी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आली, ती बत्त्याने फोडली, आणि अंगणात पोरं हँडल फिरवायला नंबर लावून बसली. जाड्या मिठाची पिशवी फोडताना माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने विचारलं, "मीठ कशाला?" तीन मोठी माणसं एका सुरात म्हणाली, "बर्फ लवकर वितळू नये म्हणून."

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकतो आहे. चांगली शिकलेली माणसंही ते देतात आणि ते बरोबर उलटं आहे. मिठामुळे बर्फ लवकर वितळतो. तो लवकर वितळतो म्हणूनच मधल्या डब्यातलं दूध गोठतं. हे ऐकून भाचीचा चेहरा गोंधळला, आणि तो गोंधळ अगदी रास्त होता. वितळण्याने काही गोठेल कसं? या प्रश्नासाठीच हा लेख.

आधी साधा बर्फ का पुरत नाही ते पाहू. फोडलेला बर्फ बादलीत भरला की थोडं पाणी सुटतं, आणि बर्फ-पाण्याचं ते मिश्रण ० अंश सेल्सियसला येऊन थांबतं. सगळा बर्फ संपेपर्यंत ते तिथून हलत नाही. डब्यातलं आटीव दूध मात्र ० अंशाला गोठत नाही. त्यात साखर आहे, दुधाची स्वतःची साखर आणि क्षारही आहेत, त्यामुळे ते गोठायला सुरुवात होते साधारण उणे २ ते उणे ३ अंशांना. म्हणजे नुसत्या बर्फात डबा दिवसभर फिरवला तरी हाती येईल ते गार दूधच. बाहेरचा थंडावा शून्याच्या बराच खाली न्यायला हवा, आणि तेही विजेशिवाय. हे काम मीठ करतं.

कसं करतं, हे मला सगळ्यात आवडणारं प्रकरण आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

बर्फ म्हणजे भोंडल्याचा फेर समजा. पाण्याच्या रेणूंनी एकमेकांचे हात घट्ट धरले आहेत. बाहेर मोकळे रेणू फिरताहेत, ते पाणी. फेराच्या कडेला सतत ये-जा चालू असते. काही रेणू हात सोडून बाहेर पडतात, काही मोकळे रेणू येऊन हात धरतात. ० अंशाला जाणारे आणि येणारे सारखेच असतात, म्हणून वरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटतं. आता पाण्यात मीठ टाका. मीठ विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे विद्युतभारित कण सुटे होतात आणि मोकळ्या रेणूंच्या गर्दीत मिसळतात. या कणांना फेरात जागा नाही, बर्फाची रचना त्यांना आत घेत नाही. पण ते फेराभोवतीची जागा अडवतात, त्यामुळे फेरात येणाऱ्या पाण्याच्या रेणूंचा वेग घटतो. फेरातून बाहेर पडणाऱ्यांचा वेग मात्र तेवढाच राहतो, कारण बर्फाच्या आत मीठ शिरलेलंच नाही. जाणारे जास्त, येणारे कमी. बर्फ वितळू लागतो.

खरी गंमत पुढे आहे. धरलेला हात सोडवायला ऊर्जा लागते. १ ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल, म्हणजे सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. एवढी उष्णता काढून घेतली तर १ ग्रॅम पाणी ८० अंशांवरून थेट शून्यावर येईल, इतकी ती मोठी आहे. बर्फ चुलीवर वितळवला तर ही उष्णता चूल देते. बादलीत चूल नाही. मग सुटणारे रेणू ती उष्णता शेजाऱ्यांकडून घेतात: उरलेल्या बर्फाकडून, खारट पाण्याकडून, डब्याच्या पत्र्याकडून आणि पत्र्यापलीकडच्या दुधाकडून. सगळेच गार होत जातात. गारठा वाढला की हात सोडणंही मंदावतं, आणि कुठेतरी उणे १० किंवा उणे १५ अंशांना जाणारे-येणारे पुन्हा सारखे होतात. नवा तोल साधतो, पण शून्याच्या खूप खाली. मीठ स्वतः थंड नसतं आणि थंडी निर्माणही करत नाही. ते फक्त तोल मोडतं, आणि तोल सावरताना बर्फ आजूबाजूची उष्णता गिळतो.

याला तळ आहे. खारट पाण्यात वजनाने २३ टक्क्यांच्या आसपास मीठ झालं की मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. त्याखाली मीठच पाण्यातून स्फटिक होऊन बाहेर पडू लागतं आणि खेळ संपतो.

मग मीठच का, साखर का नाही? साखरही फेराभोवती गर्दी करेलच की. करते, पण इथे कणांचं वजन नव्हे, संख्या महत्त्वाची असते. १ किलो पाण्यात कुठल्याही विरघळलेल्या पदार्थाचे १ मोल कण असतील (मोल म्हणजे डझनासारखंच कण मोजायचं एक माप, फक्त प्रचंड मोठं) तर गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. १०० ग्रॅम साखर म्हणजे ०.२९ मोल, उतार जेमतेम अर्ध्या अंशाचा. १०० ग्रॅम मीठ म्हणजे १.७१ मोल, आणि प्रत्येक एककाचे दोन कण होत असल्यामुळे ३.४२ मोल कण. उतार सहा अंशांच्या वर. एकाच वजनात बारापट फरक! (दाट द्रावणात हे गणित इतकं सरळ राहत नाही, पण कल मात्र हाच.) त्यात मीठ स्वस्त. जाडंच घ्यायचं, कारण खडे बर्फाच्या फटींतून खाली उतरत हळूहळू विरघळतात आणि गारठा अर्धा-पाऊण तास टिकतो. बारीक मीठ एका जागी गोळा होऊन भराभर विरघळून जातं.

हल्ली काही व्हिडिओंत बादलीत गुलाबी हिमालयीन मीठ घालायला सांगतात, त्याने "जास्त नैसर्गिक गारवा" मिळतो म्हणे. त्या मिठातही ९५ टक्क्यांहून जास्त सोडियम क्लोराइडच असतं आणि गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. बर्फाला रंग कळत नाही. ते महागडं मीठ बादलीत ओतणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

आपल्याकडे बर्फाशिवाय गारवा करण्याची एक जुनी रीतही होती. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने सोऱ्याने पाणी गार करण्याची पद्धत नोंदवली आहे. बंदुकीच्या दारूत आग भडकवणारा तोच हा सोरा. तो पाण्यात विरघळतानाच ग्रॅममागे जवळजवळ तेवढी उष्णता खातो जेवढी बर्फ वितळताना खातो, त्यामुळे तिथे बर्फाची गरजच नाही. साधं मीठही विरघळताना उष्णता घेतं, पण सोऱ्याच्या पाचवा हिस्सासुद्धा नाही. म्हणून पॉटमध्ये खरं काम बर्फाचं, मिठाचं काम त्याला भाग पाडण्याचं. फॅरनहाइटने आपल्या तापमापीचा शून्य ठरवला तोही बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या अशाच मिश्रणावरून. तो शून्य म्हणजे आपले उणे १७.८ अंश सेल्सियस.

हँडलचा पॉट फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांचा, पेटंट १८४३ सालचं. बाहेर लाकूड, कारण लाकूड उष्णता फार कमी वाहतं आणि उन्हाळ्याला आत येऊ देत नाही. आत पत्र्याचा डबा, कारण दुधाची उष्णता झटपट बाहेर जायला हवी. फिरतं पातं डब्याच्या भिंतीवर धरलेला गोठलेला थर सतत खरवडतं, त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे व्हायला सवड मिळत नाही. मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा लहान स्फटिक जिभेला सहसा जाणवत नाहीत, त्याहून मोठे झाले की कचकच लागते. डब्यातून फ्रीजरमध्ये नुसतं ठेवून दिलेलं आइस्क्रीम कचकचतं ते यामुळेच. दूध आटवायचं कारणही हेच, पाणी कमी तर बर्फ कमी. मटका कुल्फीवाला काहीच ढवळत नाही, तो सगळी भिस्त आटवण्यावर ठेवतो; त्याच्या मडक्यातही साच्यांभोवती बर्फ आणि मीठच असतं. आंब्याच्या फोडी घालणार असाल तर आधी साखरेत मुरवा, नाहीतर दाताखाली खडे येतील.

एक इशारा मनापासून. हातावर मीठ ठेवून वर बर्फ दाबून धरायची पैज मुलं लावतात. उणे १५ अंशांना कातडी भाजल्यासारखी जळते, आणि बधिरपणामुळे ते कळतही नाही. असं करू देऊ नका. आणि बादलीच्या बाजूचं भोक मोकळं राहील याकडे लक्ष ठेवा, नाहीतर खारट पाणी झाकणातून आत शिरून सगळं दूध वाया जातं.

हे सगळं मी भाचीला तिच्या भाषेत सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण पटलं नाही, आणि मला ते आवडलं. मग आम्ही स्टीलचे दोन पेले घेतले. दोन्हींत बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, एकात तीन चमचे मीठ घालून ढवळलं. लाकडी फळीच्या दोन तुकड्यांवर थोडं थोडं पाणी शिंपडून त्यावर एकेक पेला ठेवला. मिठाच्या पेल्यातला बर्फ डोळ्यांदेखत खाली बसू लागला, दुसऱ्यातला तसाच राहिला. पाचेक मिनिटांत मिठाच्या पेल्यावर बाहेरून पांढरं हिंव चढलं, दुसऱ्यावर नुसते पाण्याचे थेंब. तिने साधा पेला उचलला, तो सहज वर आला. मग मिठाचा उचलला. फळी त्याच्याबरोबर वर आली.

"वितळतोय," ती म्हणाली, आणि हँडल फिरवायला आपला नंबर गेला की काय ते बघायला पळाली. हँडल तोवर चांगलंच जड झालं होतं.