हॅमस्ट्रिंग-क्वाड्सचे दोन आकडे: ०.६ कशाचे, १ कशाचे?

फुटबॉलपटूच्या गुडघ्याचा आयसोकायनेटिक रिपोर्ट (ठरावीक वेगाने पाय हलवायला लावणाऱ्या मशीनवर मोजलेला स्नायूंचा जोर) आला की कोच आणि पालक एकच आकडा शोधतात: हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा, गुडघा वाकवणारा स्नायू) भागिले क्वाड्स (मांडीपुढचा, गुडघा सरळ करणारा). पण असे दोन आकडे असतात आणि एकाचा निकष दुसऱ्याला लावला की सगळाच हिशेब बिघडतो.

पारंपरिक गुणोत्तरात दोन्ही स्नायूंचा आखडतानाचा जोर घेतात, सहसा सेकंदाला ६० अंशांच्या वेगाने. समजा क्वाड्स २०० न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचे एकक) आणि हॅमस्ट्रिंग १२०, म्हणजे ०.६०. हे साधारण ठीक धरतात. मात्र मैदानावर दोघे एकदम आखडत नाहीत. किक मारताना क्वाड्स गुडघा झटक्यात सरळ करतात आणि मागचा हॅमस्ट्रिंग ताणला जात असतानाच त्याला ब्रेक लावतो. वेगात धावताना पाऊल टेकण्याच्या आधीही हेच घडते, आणि हॅमस्ट्रिंग बऱ्याचदा तिथेच दगा देतो.

कार्यात्मक गुणोत्तर हा ब्रेक मोजते: ताणला जात असतानाचा हॅमस्ट्रिंगचा जोर भागिले क्वाड्सचा आखडतानाचा जोर. १ च्या आसपासचा निकष याचा. वरच्याच खेळाडूचा ब्रेकचा जोर ३० अंशांच्या वेगाला १५० आणि क्वाड्सचा २४० अंशांच्या वेगाला १४० आला, तर उत्तर १.०७. जुन्या दुखापतीमुळे ब्रेकचा जोर ११० वर अडकला असेल तर ०.७९. पारंपरिक आकडा दोन्हीकडे ०.६०च! शिवाय जोर वेगानुसार बदलतो, क्वाड्सचेच २०० चे १४० झाले; म्हणून वेग लिहिलेला नसेल तर रिपोर्ट वाचूच नये.

वयानुसार अर्थ बदलतो. उंची झपाट्याने वाढते त्या काळात, मुलांत साधारण १३-१४ व्या वर्षी, क्वाड्सचा जोर पुढे पळतो आणि हॅमस्ट्रिंग मागे राहू शकतो; मुलींमध्ये वयात आल्यानंतर ही दरी जास्त जाणवते. प्रौढांचा निकष १३ वर्षांच्या मुलाला चिकटवणे म्हणूनच चूक. वयस्कर खेळाडूंत गंमत उलटी: वेगात आखडण्याचा जोर आधी उतरतो, ब्रेकचा त्यामानाने टिकतो. छेदच लहान झाल्याने कार्यात्मक आकडा सुधारल्यासारखा दिसतो. त्यामुळे शरीराच्या वजनाच्या तुलनेत मूळ न्यूटन-मीटरही बघा. दोन्ही स्नायू कमजोर असले तरी गुणोत्तर छान येते.

मोजणीतही घोळ होतात. बसून तपासणी करताना पायाचे वजन गुडघा वाकवायला मदत करते. गुरुत्वाकर्षणाची दुरुस्ती केली नाही तर हॅमस्ट्रिंग फुगवून दिसतो आणि क्वाड्स कमी. मशीनचा आस गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यासमोर नसेल तर जोर चुकीचा नोंदला जातो.

ब्रेक कमी पडत असेल तर नॉर्डिक हॅमस्ट्रिंग व्यायाम (गुडघ्यांवर उभे राहून, घोटे कोणीतरी धरलेले असताना शरीर हळूहळू पुढे झुकवणे): पहिल्या आठवड्यात एकदाच, ५ चे २ सेट, दुसऱ्यात दोनदा, ६ चे २, पुढे आठवड्यातून तीनदा, ३ सेटपर्यंत. घाई केल्यास मांडी इतकी दुखते की खेळाडू आठवड्याभरात व्यायाम सोडतो. नुसते लेग कर्ल (वजनाविरुद्ध गुडघा वाकवणे) वाढवल्याने मुख्यतः पारंपरिक आकडा हलतो.