पू तपासायला देण्याआधी: कल्चर रिपोर्ट कशासाठी?

गळू, केसतोड, पिकलेली जखम यांच्यामागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू असतो. साधारण दहापैकी तीन निरोगी माणसांच्या नाकात तो एरवीही राहतो आणि काही त्रास देत नाही. कातडीला चीर पडली की मात्र आत शिरतो.

1940च्या दशकात पेनिसिलिन वापरात आलं आणि काही वर्षांतच ते निकामी करणारे या जिवाणूचे वाण (उपप्रकार) पसरले. मग 1959मध्ये मेथिसिलिन आलं. 1961मध्ये त्यालाही दाद न देणारे वाण ब्रिटनमध्ये नोंदले गेले. हेच एमआरएसए. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला चिकटून ही औषधं बांधकाम थांबवतात. एमआरएसएकडे औषध नीट चिकटतच नाही असं वेगळं प्रथिन असतं. त्यामुळे सेफॅलेक्सिनसारखी नेहमीची गोळी इथे डोस वाढवूनही लागू पडत नाही.

गळू नुसतं बघून वाण कळत नाही, म्हणून कल्चर. पुवातले जिवाणू आम्ही प्रयोगशाळेत प्लेटवर वाढवतो, त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतो आणि कोणत्या चकतीभोवती किती मोठ्या वर्तुळात वाढ थांबली ते मोजतो. याला दोन-तीन दिवस लागतात. जिवाणू वाढायलाच वेळ लागतो, तिथे घाई चालत नाही.

रिपोर्टमध्ये 'एस' म्हणजे औषध लागू पडण्याची शक्यता चांगली, 'आर' म्हणजे नाही. सर्वांत मोठं वर्तुळ ते सर्वांत चांगलं औषध, असा अर्थ कृपया काढू नका. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते, आणि निवड डॉक्टरांनीच करायची असते. कित्येकदा गळूला चिरा देऊन पू काढणं हाच मुख्य इलाज असतो.

नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्या. आधीच चालू असेल तर मनाने बंद करू नका, फक्त औषधाचं नाव आम्हाला सांगा. जखमेवर मलम किंवा पावडर लावून येऊ नका. घरात उरलेली जुनी ट्यूब तर लावूच नका, विशेषतः स्टेरॉइड मिसळलेली: लाली दबते, जंतुसंसर्ग आत वाढत राहतो.

ताप आला, लाली झपाट्याने पसरू लागली, किंवा दिसतं त्यापेक्षा दुखणं फार जास्त असलं, तर रिपोर्टसाठी थांबू नका. थेट दवाखान्यात जा. नमुना तिथेही घेता येतो.