हेडमध्ये मागाहून घातलेले टॅग आणि ‘केव्हा’चा प्रश्न

पेज उघडल्यावर त्याच्या हेडमध्ये (पेजच्या कोडचा न दिसणारा वरचा भाग) नवी स्टाइलशीट (पेज कसं दिसावं याचे नियम) किंवा स्क्रिप्ट (ब्राउझर चालवतो तो कोड) घालायची, तर आज ते तीन ओळींचं काम आहे: एलिमेंट तयार करा, फाइलचा पत्ता द्या, हेडला जोडा. या ओळी कशा लिहायच्या ते कुठेही सापडतं. जोडलेली स्क्रिप्ट नेमकी केव्हा चालणार, हे मात्र क्वचितच सांगितलेलं असतं. माझ्या मते या तंत्राचा सगळा इतिहास त्या ‘केव्हा’भोवती फिरतो.

नेटस्केप या ब्राउझरसाठी ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये तयार केली. स्टाइलशीट ज्या भाषेत लिहितात त्या सीएसएसची पहिली शिफारस (म्हणजे अधिकृत प्रमाणक) डिसेंबर १९९६ ची. तरी जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये स्टाइल आणि स्क्रिप्ट हे टॅग केवळ पुढच्या आवृत्त्यांसाठी राखून ठेवलेले होते. हे टॅग न ओळखणारा ब्राउझर आतला कोड साध्या मजकुरासारखा पडद्यावर दाखवायचा. म्हणून कोडभोवती एचटीएमएल कॉमेंट (पडद्यावर न दिसणारी टीप) गुंडाळायची पद्धत पडली, आणि गरज संपल्यावरही ती कितीतरी वर्षं टिकली.

त्या काळात स्क्रिप्टला पेजमध्ये काही भर घालायची तर मुख्य वाट एकच होती, डॉक्युमेंट.राइट. पार्सर (पेजचा कोड वाचणारा ब्राउझरचा भाग) पेज वाचत असतानाच त्याच्या पुढ्यात नवा मजकूर टाकायचा. कोणती स्क्रिप्ट काय लिहील याचा नेम नसल्यामुळे पार्सरला प्रत्येक स्क्रिप्टपाशी थांबावं लागे: फाइल येऊ द्या, चालू द्या, मगच पुढची ओळ वाचा. क्रम अगदी चोख राहायचा, पण त्याची किंमत वाट पाहणाऱ्या वाचकाला मोजावी लागायची. शिवाय पेज पूर्ण वाचून झाल्यावर हेच फंक्शन चालवलं तर आधीचं सगळं पेज पुसलं जायचं. ते आजही तसंच आहे.

१९९७ च्या सुमाराला नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ यांनी पेज मागाहून बदलायच्या आपापल्या तऱ्हा आणल्या. एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. ऑक्टोबर १९९८ मध्ये डॉमची (कोडमधून पेजचे भाग हाताळायच्या प्रमाणकाची) पहिली पातळी शिफारस म्हणून आली आणि क्रिएटएलिमेंट, अपेंडचाइल्ड ही सामाईक भाषा मिळाली. पुढे लक्षात आलं की अशा रीतीने जोडलेल्या स्क्रिप्टसाठी पार्सर थांबत नाही. नंतरचं सारं याच गुणावर उभं राहिलं.

त्यातही खाचखळगे होतेच. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नवव्या आवृत्तीपर्यंत स्क्रिप्टला ऑनलोड (फाइल आल्याची सूचना) नव्हतं, त्यामुळे रेडीस्टेट (फाइल कुठवर आली ते सांगणारी नोंद) बघत बसावं लागे. तिथे एका पेजवर ३१ पेक्षा जास्त स्टाइलशीट चालत नसत; बत्तिसावी गुपचूप दुर्लक्षित व्हायची, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात माणसं थकून जायची. काही ब्राउझर तर लिहिलेलं नसेल तर हेड स्वतः तयारही करत नसत. गूगल अ‍ॅनालिटिक्सने पेजच्या भेटी मोजायला पुढे दिलेला तुकडा म्हणूनच हेड शोधत नसे. तो पेजवरची पहिली स्क्रिप्ट शोधायचा आणि तिच्या आधी नवी घालायचा. निदान एक स्क्रिप्ट पेजवर असणारच, कारण हा तुकडा स्वतःच एक स्क्रिप्ट आहे. इतका साधा आणि इतका पक्का तर्क मला फार आवडतो.

त्याआधी, २००५ मध्ये, बॉब इपोलिटो यांनी जेसनपी ही युक्ती मांडली होती. दुसऱ्या डोमेनवरची माहिती वाचायला ब्राउझर एरवी मनाई करतो, पण दुसऱ्या डोमेनवरची स्क्रिप्ट चालवायला करत नाही. मग माहितीच स्क्रिप्टच्या रूपात मागवायची आणि हेडमध्ये जोडायची. युक्ती उपयोगी होती, पण समोरच्या सर्व्हरवर डोळे मिटून विश्वास टाकणारी होती.

वेगासाठी सगळेच स्क्रिप्ट मागाहून जोडू लागल्यावर क्रमाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. लायब्ररी (तयार कोडचा संच) आणि तिच्यावर विसंबलेला कोड एकामागोमाग जोडले, तर आधी कोण चालणार? जुना फायरफॉक्स जोडल्याच्या क्रमाने चालवायचा. क्रोम आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये जी फाइल आधी येईल ती आधी. फायरफॉक्स ४ तयार होत असताना, २०१० मध्ये, त्यानेही क्रम सोडायचं ठरवलं आणि लॅबजेएससारखे लोडर (क्रम सांभाळून स्क्रिप्ट आणणारी साधनं) अडचणीत आले. लॅबजेएस लिहिणारे काइल सिम्पसन आणि ब्राउझरवाले यांच्यात यावर बरीच चर्चा झाली. त्यातून निघालेला नियम आज एचटीएमएलच्या अधिकृत प्रमाणकात आहे: कोडने जोडलेली स्क्रिप्ट आपोआप असिंक (क्रमाची वाट न पाहता, फाइल आली की चालणारी) असते, आणि क्रम हवा असेल तर असिंक फॉल्स असं स्पष्ट लिहायचं. हा नियम माहीत नसल्यामुळे अजूनही कितीतरी पेजेस कधी चालतात, कधी नाहीत.

स्टाइलशीटचा हिशेब वेगळा आहे. तिथे फाइल केव्हा आली याला महत्त्व नाही, ती हेडमध्ये कुठे बसली याला आहे. नियमांचं वजन सारखं असेल तर खालचा नियम जिंकतो. २०१९ मध्ये क्रोम ७३ ने स्टाइलशीट थेट कोडमध्ये बनवून डॉक्युमेंटला लावायची सोय दिली. त्यात हेडला हातही लावावा लागत नाही, आणि अशी शीट पेजच्या बाकी सगळ्या शीटनंतर धरली जाते.

स्क्रिप्टच्या बाबतीत मात्र ‘केव्हा’च्या जोडीला ‘कोणी’ हा प्रश्न आला. हल्लेखोरही तीच तीन ओळींची वाट वापरतो. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीच्या (पेजवर काय चालू द्यायचं ते ब्राउझरला सांगणाऱ्या नियमांच्या) दुसऱ्या पातळीत नॉन्स आला: सर्व्हरने दर वेळी नव्याने दिलेली खूण ज्या स्क्रिप्टवर असेल तीच चालेल. तिसऱ्या पातळीतल्या स्ट्रिक्ट-डायनॅमिकमुळे अशा विश्वासू स्क्रिप्टने क्रिएटएलिमेंटने जोडलेल्या स्क्रिप्टलाही तोच विश्वास मिळतो. तीच स्क्रिप्ट डॉक्युमेंट.राइटने घातली, तर मिळत नाही.