शोगुनांची राजवट: नाव सम्राटाचे, हुकूम सेनापतीचा

१५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर ऑगस्टमध्ये जपानच्या दक्षिण टोकाला, कागोशिमा बंदरात उतरला. सोबत अंजिरो नावाचा जपानी माणूस होता. आदल्याच वर्षी गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला होता. झेवियरचा बेत सरळ होता: राजधानीत जायचे, राजाला भेटायचे आणि धर्मप्रसाराची परवानगी मिळवायची. १५५१ च्या ऐन हिवाळ्यात, बर्फातून पायपीट करत, तो क्योतोला पोहोचला आणि अकरा दिवसांत परत फिरला. लढायांनी शहराचा बराच भाग ओसाड पडला होता. सम्राटाची भेट मिळाली नाही आणि मिळाली असती तरी त्या माणसाच्या शब्दाला राजवाड्याबाहेर काही वजन नव्हते. ज्याच्या नावाने देशाचा कारभार चालायचा तो शोगुन तर त्या वेळी क्योतोतून परागंदा होता. शेवटी झेवियरने आपले नजराणे यामागुचीच्या औची योशिताका या सरदारापुढे ठेवले.

जपानचा राजा नेमका कोण, या प्रश्नाने झेवियरला चकवले. साताऱ्याची गादी आणि पुण्याचा कारभार ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तो प्रश्न तितका परका वाटणार नाही. गादीवर छत्रपती, सत्ता पेशव्यांच्या हाती. तरीही नव्या पेशव्याला वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. जपानमध्ये अशी व्यवस्था जवळजवळ सातशे वर्षे टिकली. शोगुन कितीही बलाढ्य असला तरी त्याची नेमणूक सम्राटाच्या हुकुमानेच व्हायची. माझ्या मते शोगुनशाहीच्या दीर्घायुष्याचे आणि तिच्या शेवटाचेही मूळ या एका गोष्टीत आहे.

‘सेइ-इ-ताइशोगुन’ या मूळ पदवीचा अर्थ ‘रानटी लोकांना नमवणारा महासेनापती’. होन्शू बेटाच्या ईशान्येला एमिशी लोक राहत. त्यांच्यावरच्या मोहिमांसाठी दरबार सेनापती नेमत असे आणि ७९७ मध्ये साकानोए नो तामुरामारो याला ही पदवी मिळाली. तेव्हा ती मोहिमेपुरतीच असे. मोहीम संपली की पदवीही संपे.

पुढच्या चारशे वर्षांत क्योतोचा दरबार कविता आणि समारंभांत रमला आणि मुलुखाची राखण करणारे हत्यारबंद लोक गबर होत गेले. त्यांतली मिनामोतो आणि ताइरा ही दोन घराणी ११८० ते ११८५ अशी पाच वर्षे लढली. दान-नो-उराच्या समुद्रातल्या लढाईत ताइरांचा निःपात झाला. त्यांच्या पक्षातला बालसम्राट अंतोकु याला घेऊन त्याच्या आजीने पाण्यात उडी घेतली. विजयी मिनामोतो योरितोमो मात्र क्योतोला जाऊन बसला नाही. तो दूर पूर्वेला, कामाकुरामध्ये राहिला. प्रांतोप्रांती त्याने आपले लष्करी अंमलदार आणि जमीनमहसुलावर देखरेख करणारे जितो नेमले. ११९२ मध्ये तो शोगुन झाला. त्याच्या सरकारला पुढे ‘बाकुफु’ हे नाव पडले. त्याचा शब्दार्थ सेनापतीच्या छावणीतला कनातींचा तंबू. सरकार छावणीतून चालते, हे त्या नावातच होते.

११९९ मध्ये योरितोमो वारला आणि सत्ता त्याच्या सासरवाडीकडे गेली. त्याची विधवा मासाको आणि तिचे होजो घराणे कारभारी बनले. योरितोमोचा वंश १२१९ मध्ये खुंटला, तेव्हा होजोंनी क्योतोहून उमरावघरचे मूल आणून शोगुन केले आणि पुढे राजपुत्र आणले. म्हणजे सम्राट नावाचा, शोगुनही नावाचा आणि कारभार होजोंचा. सातारा, बाल सवाई माधवराव आणि नाना फडणवीस ही आपल्याकडची उतरंड इथे डोळ्यांपुढे येतेच. १२२१ मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबाने बंड केले. होजोंनी ते मोडले आणि त्याला ओकी बेटावर हद्दपार केले. पण सम्राटपद मात्र त्यांनी मोडले नाही.

कामाकुराला खरा धक्का बसला तो जिंकलेल्या लढाईमुळे. कुब्लाई खानाचे मंगोल आरमार १२७४ आणि १२८१ असे दोनदा दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर चालून आले आणि दोन्ही वेळा परतवले गेले. पण सामुराई लढायचा तो जमिनीच्या आशेने आणि परकीय शत्रू हरला तरी वाटायला जमीन काही मिळाली नाही. ताकेझाकी सुएनागा नावाचा एक साधा सामुराई बक्षिसाच्या यादीत आपले नाव नाही म्हणून क्यूशूहून थेट कामाकुरापर्यंत गाऱ्हाणे घेऊन गेला. त्याला न्याय मिळाला. आपला पराक्रम त्याने चित्रांच्या लांब गुंडाळीवर रंगवून घेतला आणि ती आजही पाहायला मिळते. त्याच्यासारखे कित्येक जण मात्र रिकाम्या हातांनी राहिले आणि होजोंवरचा विश्वास उडाला. १३३३ मध्ये कामाकुरा पडले.

सम्राट गो-दाइगोने स्वतः राज्य करून पाहिले. ते तीन वर्षे चालले. ज्या आशिकागा ताकाउजीच्या मदतीने तो आला होता, त्यानेच त्याला क्योतोतून हुसकावले. ताकाउजीने दुसरा सम्राट बसवला आणि १३३८ मध्ये त्याच्याकडून शोगुनपद घेतले. पुढे १३९२ पर्यंत देशात दोन दरबार होते. तलवार हाती असूनही ताकाउजीला पदवी देणारा सम्राट आधी उभा करावा लागला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आशिकागांची पकड कधीच घट्ट नव्हती. १४६७ ते १४७७ या ओनिन युद्धात क्योतो जळाले आणि पुढची शंभर वर्षे दाइम्यो, म्हणजे प्रांतिक सरदार, आपसांत लढत राहिले. झेवियर आला तो याच काळात. १५७३ मध्ये ओदा नोबुनागाने शेवटच्या आशिकागा शोगुनाला क्योतोतून घालवले. त्याच्यामागून आलेल्या हिदेयोशीने जवळजवळ सगळा देश एका छत्राखाली आणला, पण तो शोगुन कधीच झाला नाही.

१६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई तोकुगावा इएयासुने जिंकली. १६०३ मध्ये तो शोगुन झाला आणि दोनच वर्षांत ते पद मुलाला देऊन बाजूला झाला. हे पद यापुढे आमच्या घराण्याचे, एवढे सर्वांना कळावे म्हणून. शोगुनशाहीचा सगळ्यात मजबूत काळ इथून सुरू होतो. इएयासुचे ठाणे एदो म्हणजेच आजचे टोकियो. सुमारे २६० दाइम्यो आपापल्या मुलुखात राज्य करत, पण १६३५ पासून त्यांच्यावर एक सक्ती आली: एक वर्ष स्वतःच्या मुलुखात, एक वर्ष एदोत, आणि बायकामुले मात्र कायम एदोत. म्हणजे ओलीसच. हाकोनेच्या नाक्यावर पहारेकरी दोन गोष्टींवर डोळा ठेवत: एदोत येणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या बायका. बंड करायचे तर आधी शस्त्रे आत येणार आणि कुटुंब बाहेर जाणार, असा तो हिशेब होता. शेकडो माणसांच्या लवाजम्यानिशी दरवर्षीच्या या ये-जा करण्यात दाइम्योंचा खजिना रिता होई. त्याच पैशावर रस्ते, सराया आणि बाजारपेठा फुलल्या आणि अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली.

सम्राटासाठीही १६१५ मध्ये नियम निघाले. त्याने विद्याभ्यास करावा, हे त्यांतले पहिले. १६३४ मध्ये तिसरा शोगुन इएमित्सु तीन लाखांवर माणसे घेऊन क्योतोला गेला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे एकही शोगुन तिकडे फिरकला नाही. त्याची गरजच वाटली नाही. शिमाबाराचे ख्रिस्ती शेतकऱ्यांचे बंड १६३८ मध्ये मोडल्यावर पोर्तुगिजांना देशातून काढून टाकले. युरोपीयांपैकी फक्त डच उरले, तेही नागासाकीच्या देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावर. गोव्याहून सुरू झालेले ते प्रकरण तिथे मिटले.

१८५३ मध्ये अमेरिकेच्या चार युद्धनौका घेऊन पेरी एदोच्या आखातात शिरला, तेव्हा जुनी पदवी शोगुनाच्याच गळ्याशी आली. ‘रानटी लोकांना नमवणारा’ हेच ज्याचे पद, त्याला दारात उभ्या परक्यांना नमवता येईना. बाकुफुने दाइम्योंची मते मागवली आणि दरबारालाही कळवले. कारभारात ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांना आपण होऊन विचारणे ही मोठी चूक ठरली. १८५८ च्या व्यापारी तहाला क्योतोने संमती नाकारली आणि बाकुफुचा मुख्य कारभारी ई नाओसुके याने संमतीविना तह करवला. दोन वर्षांनी एदोच्या किल्ल्याच्या दारातच त्याचा खून झाला. ‘सम्राटाचा मान राखा, परक्यांना हाकला’ ही घोषणा गाजू लागली.

१८६३ मध्ये कोवळ्या वयाचा शोगुन इएमोची क्योतोला गेला. सम्राट कोमेइ कामोच्या देवस्थानांकडे मिरवणुकीने निघाला आणि शोगुन त्याच्या मागून चालला. रस्त्याच्या कडेला उभ्या माणसांना त्यातून जे कळायचे ते कळले. परकीयांना हाकलण्याची तारीखही शोगुनाला कबूल करावी लागली. त्या तारखेला बाकुफु हलला नाही; तोफा डागल्या त्या चोशू या मुलुखाच्या दाइम्योने. सेकिगाहाराला हरलेल्या बाजूचे चोशू आणि सात्सुमा हे मुलूख १८६६ मध्ये एक झाले.

नोव्हेंबर १८६७ मध्ये पंधरावा आणि शेवटचा तोकुगावा शोगुन योशिनोबु याने क्योतोच्या निजो किल्ल्यात दाइम्योंच्या प्रतिनिधींना बोलावून सत्ता सम्राटाला परत करण्याचा बेत सांगितला. ‘परत’ हा शब्द त्याला वापरावाच लागला, कारण घेतली होती ती सम्राटाच्याच नावाने. जानेवारी १८६८ मध्ये तोबा-फुशिमीला लढाई झाली. समोर सम्राटाची निशाणे दिसल्यावर शोगुनाची फौज खचली. योशिनोबु रात्रीतून जहाजाने एदोला परतला आणि पुढे त्याचा किल्ला लढाईविना नव्या सरकारच्या हाती गेला. त्याच वर्षी एदोचे नाव टोकियो झाले आणि तरुण सम्राट मेइजी तिथे आला. शोगुनांच्या त्या किल्ल्याच्या आवारातच आज जपानच्या सम्राटाचा राजवाडा आहे.