विचारल्यानं पोराच्या डोक्यात 'तसलं' भरत नाही
आमच्या जळगाव-धुळ्याकडे अजून म्हणतात, पोराला जीव द्यायचा विचार येतो का असं विचारू नका, नसलेलं डोक्यात भरेल. साफ चुकीचं आहे हे. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट मन हलकं होतं. दहावी-बारावीची पोरं बापासमोर बोलत नाहीत, पण रात्री केळीला पाणी द्यायला सोबत आलेल्या मित्राजवळ बोलतात, म्हणून त्या मित्रानंच सरळ विचारावं, "भाऊ, मरायचा विचार येतो का?" आणि मग फक्त ऐकावं, भाषण नको. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, गुपित ठेवू नका, मोठ्या माणसाला लगेच सांगा, घरातलं फवारणीचं औषध कुलपात टाका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, २४ तास.