टॉर्क पाना नेमकं काय मोजतो?

"हेड बोल्ट जितका आवळाल तितकं गॅस्केट टिकेल." गॅरेजमध्ये हा सल्ला हमखास ऐकायला मिळतो. चुकीचा आहे, आणि त्यामागचं भौतिकशास्त्र मला फार आवडतं, म्हणून हा लेख. हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण. सिलिंडर ज्यात असतात त्या खालच्या भागावर, म्हणजे ब्लॉकवर, ते बोल्टांनी बसवतात, आणि दोघांच्या मध्ये गळती रोखणारा पातळ थर असतो, तो गॅस्केट.

मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन घेऊ. सिलिंडरचा व्यास 68.5 मिलिमीटर. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटल्यावर आतला दाब वातावरणाच्या पन्नासपट झाला असं धरलं, तर त्या एका सिलिंडरवर हेडला उचलू पाहणारं बल सुमारे 1,900 किलो वजनाइतकं होतं. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर हा तडाखा एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला 25 वेळा बसतो. तरीही हेड जागचं हलत नाही, कारण बोल्टांनी ते ब्लॉकवर आधीच त्याहून कितीतरी जास्त बलाने दाबून धरलेलं असतं.

हे दाबणं येतं कुठून? बोल्ट आवळताना तो लांब होतो! रॉबर्ट हुक यांनी 1678 मध्ये मांडलेला नियम शाळेत शिकलोच आहोत: ताण जितका, तितकी वाढ. पोलादी बोल्टही त्याच नियमाने वागणारी, अतिशय ताठ स्प्रिंग आहे. 10 मिमी जाडीचा, 100 मिमी लांबीचा बोल्ट साडेतीन टनांनी ओढला, तर तो साधारण 0.3 मिमी वाढतो. मूळ लांबीवर परत येण्याची त्याची ओढ म्हणजेच हेडवरची पकड. आपल्याला हवी आहे ती ही वाढ, पण टॉर्क पाना ती मोजत नाही. तो फक्त पिळायला लागणारा जोर, म्हणजे टॉर्क, मोजतो.

आता जरा हिशेब करू. या बोल्टला साडेतीन टनांपर्यंत न्यायला साधारण 70 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. त्या जोराने पाना एक पूर्ण फेरा फिरवला असं समजा: आपण खर्च केलेली ऊर्जा 70 गुणिले 2π, म्हणजे सुमारे 440 ज्यूल. आट्यांमधलं अंतर 1.5 मिमी असेल, तर बोल्ट एका फेऱ्यात तेवढाच पुढे सरकतो. 35,000 न्यूटन गुणिले 0.0015 मीटर, म्हणजे जेमतेम 52 ज्यूल कामी आले. बाकीची जवळपास 88 टक्के ऊर्जा घर्षणाने खाल्ली: थोडी आट्यांमध्ये, थोडी बोल्टच्या डोक्याखाली.

घर्षणाचा वाटा इतका मोठा, म्हणून त्यात थोडा फरक पडला तरी पकड प्रचंड बदलते. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल चोपडलेल्या बोल्टला लावला, तर त्याच 70 न्यूटन-मीटरला साडेतीनऐवजी पाच टन ताण येऊ शकतो. उलट, आट्यांत गंज किंवा कचरा असेल तर ठरलेला टॉर्क आला म्हणून पाना 'टक्' करतो, पण बोल्ट पुरेसा ताणलेलाच नसतो. म्हणून आटे स्वच्छ करणं आणि तेल लावायचं की नाही हे मॅन्युअलमध्ये पाहणं, ही दोन कामं महागड्या पान्याइतकीच महत्त्वाची आहेत. ब्लॉकमधलं भोक तळाशी बंद असेल आणि त्यात तेल किंवा पाणी साचलेलं असेल, तर बोल्ट पिस्टनसारखा त्यावर दाब देतो. द्रव दाबला जात नाही, मग ब्लॉकलाच चीर जाते.

या घर्षणातून सुटायला इंजिनीअरांनी युक्ती काढली: आधी कमी टॉर्कने बोल्ट बसवायचा आणि मग ठरलेल्या कोनातून फिरवायचा, उदाहरणार्थ 90 अंश. 1.5 मिमीच्या आट्यांवर पाव फेरा म्हणजे 0.375 मिमी सरकणं, घर्षण कितीही असो. त्यातलं काही गॅस्केट आणि हेड दबण्यात जातं, उरलेलं बोल्टच्या लांबीत. काही इंजिनांत बोल्ट मुद्दाम लवचिकतेची मर्यादा किंचित ओलांडेपर्यंत ताणतात. तिथे वाढ पुढे गेली तरी ताण फारसा चढत नाही, त्यामुळे सगळ्या बोल्टांची पकड जवळपास सारखी मिळते. असे बोल्ट कायमचे लांबलेले असतात, ते पुन्हा वापरायचे नाहीत.

क्रमाचंही कारण आहे. पलंगावरची चादर आपण मधून कडेकडे सारखी करतो, तसं हेडही मधल्या बोल्टांपासून बाहेरच्या बाजूला आवळतात. टोकं आधी बांधली तर मधला बाक आतच अडकतो. शिवाय एक बोल्ट आवळला की गॅस्केट दबतं आणि शेजारचा बोल्ट थोडा सैल पडतो, म्हणून दोन-तीन टप्पे. उकलताना क्रम उलटा, बाहेरून आत, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. अॅल्युमिनियमचं हेड तापल्यावर पोलादी बोल्टच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे गरम इंजिनमधला ताण वेगळाच असतो.

रेडिएटरमध्ये ओतलं की उडालेलं गॅस्केट कायमचं दुरुस्त, अशा बाटल्यांच्या जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नका. ते द्रावण फार तर बारीकशी गळती काही दिवस बुजवेल, पण बोल्टमधला गेलेला ताण परत आणू शकत नाही. त्यासाठी हेड उतरवावंच लागतं, सपाटी पट्टीने तपासावी लागते, आणि बोल्ट पुन्हा वापरण्याजोगे आहेत असं मॅन्युअल सांगत असेल, तर प्रत्येकाची लांबी व्हर्नियरने मोजून दिलेल्या मर्यादेत आहे का हे पाहावं लागतं.